व्हर्जिनियाचे पिवळे पान

आमचे मामा आगबोटीवर इंजिनियर होते. निम्मे आयुष्य पाण्यावर काढून ते अखेर बेळगावास स्थायिक झाले, तेव्हा त्यांच्या सामानात एक लाकडी पेटी होती. तीत इंग्लंडच्या निरनिराळ्या बंदरांत विकत घेतलेले पाइपच्या तंबाखूचे डबे ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येक डब्याच्या तळाशी मामांच्या टपोऱ्या अक्षरात खरेदीची तारीख लिहिलेली असे. मामा ती पेटी अधूनमधून उघडून पाहत, डबे हातात घेत, तारखा वाचत आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून देत. "मुरू द्यावे," एवढेच म्हणत. लोणच्याच्या बरणीविषयी मामी जो शब्द वापरीत, तोच ते तंबाखूविषयी वापरीत. त्याचे मला लहानपणी फार हसू येई.

मामा गेल्यावर त्यांतील एक डबा मामेभावाने माझ्या हाती ठेवला. तळाशी २००२ सालची तारीख होती. पाइप मी जवळजवळ सोडलेला आहे. वर्षातून एखाद्या वेळी, तोही मामांच्या तिथीच्या आसपास, एवढाच काय तो संबंध उरला आहे. गेल्या मार्गशीर्षात तो डबा उघडला. झाकणाच्या कडेला नाणे लावून फिरविले, तेव्हा आतील हवा सुटल्याचा बारीकसा सुस्कारा ऐकू आला. वीस वर्षांपूर्वी कोंडलेली ती हवा होती.

आत चामड्याच्या पट्ट्यांसारखे लांबट, पातळ काप एकावर एक रचलेले होते. रंग गडद तपकिरी, काही ठिकाणी जवळजवळ काळा. वरच्या कापावर पांढरे, चमकणारे कण दिसत होते. नवख्या माणसाला ती बुरशी वाटते व तो डबा फेकून देतो. परंतु बुरशी कापसासारखी पसरते आणि हे कण उन्हात धरले की मिठासारखे लकाकतात. पानातील द्रव्यांचे ते स्फटिक होत. वास मात्र तंबाखूचा म्हणून ओळखता आला नसता. मनुका, काकवी, पावाचे भाजलेले कवच आणि त्यांच्यामागे दूरवर कोठे तरी पावसाने भिजून पुन्हा वाळलेली गवताची गंजी.

या प्रकारास फ्लेक म्हणतात. ज्यांना या विषयाचा परिचय नाही त्यांच्याकरिता थोडे सांगितले पाहिजे. पानाची मधली शीर काढून टाकतात, पाने दमट करून साच्यात थरावर थर रचतात आणि वाफेच्या उष्णतेत यंत्राखाली दाबून ठेवतात. गुळाची असते तशी ढेप तयार होते. ती पातळ कापली की फ्लेक. मुळात ही युक्ती खलाशांची. शिडाच्या जहाजांवरील लोक वाट्यास आलेली पाने रम किंवा काकवीने ओलावून कॅनव्हासात गुंडाळीत, दोरीने आवळून बांधीत व महिन्यामहिन्याने ती घट्ट गुंडाळी चाकूने कापून ओढीत. 'नेव्ही कट' हे नाव पुढे डब्याडब्यावर छापले गेले, त्याचे मूळ तेथे आहे. मामांच्या डब्यावर केंडल गावाचे नाव होते. इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशाच्या वेशीवर हे गाव वसले आहे. १७९२ साली टॉमस हॅरिसन नावाच्या गृहस्थाने ग्लासगोहून तपकीर दळण्याची यंत्रसामग्री तेथे आणली, आणि तेव्हापासून तपकीर व तंबाखू यांचा धंदा त्या गावात चालत आलेला आहे.

काप जरा वेळ उघड्यावर वाळू दिला, घडी घालून पाइपमध्ये भरला व पहिली काडी लावली. पहिली काडी ही धूर काढण्यासाठी नसते. तिने वरचा थर फुगतो, तो हलक्या हाताने दाबून दुसरी काडी लावावयाची. ताज्या व्हर्जिनियाचा एक दोष असा की, घाईने ओढले तर जीभ पोळते. येथे जिभेला चटका म्हणून लागला नाही. सुरुवातीला पाव, मग मनुका. पाइप निम्म्यावर आल्यावर सुक्या अंजिराची आणि जुन्या गुळाची जड गोडी. तळाशी किंचित मिरपूड व मातीचा वास. हे सर्व चांगले होते. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर वीस वर्षे मला थोडी अधिकच वाटली. ताज्या पानात लिंबाच्या सालीची जी तरतरी असते, कोवळ्या गवताचा जो हिरवा वास असतो, त्याचा येथे मागमूसही नव्हता. मुरण्यात मिळते तसे जातेही. दहा-बारा वर्षांचा डबा मला अधिक रुचला असता.

अशा तंबाखूची परीक्षणे लिहिण्याची पाश्चात्त्य देशांत मोठी हौस आहे. मामा ती वाचीत. त्या सर्वांचा सूर एकच असतो: ही गोडी काळाने आणली. "काळ हाच खरा आचारी," असे मामाही म्हणत. एकदा निपाणीचे एक अडते त्यांच्याकडे आले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. तंबाखूच्या व्यापारात त्यांचे केस पिकलेले. मामांचे हे बोलणे ऐकून त्यांनी शांतपणे विचारले, "मामा, आमचे निपाणीचे पान वीस वर्षे डब्यात घालून ठेवले, तर ते असे गोड होईल काय?" मामा हसले आणि त्यांनी विषय बदलला. उत्तर त्यांच्याजवळ नव्हते, माझ्याजवळही नव्हते. उत्तर शोधता शोधता मी अमेरिकेच्या इतिहासात जाऊन पोहोचलो.

व्हर्जिनियातील जेम्सटाउनची इंग्रज वसाहत १६०७ सालची. तेथील मूळ रहिवासी जो तंबाखू पिकवीत तो वेगळ्या जातीचा, ठेंगणा आणि जिभेला झोंबणारा होता. लंडनच्या बाजारात त्याला कोणी विचारीत नसे. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फ याने स्पॅनिश वसाहतींतील गोड्या जातीचे बी मिळवून ते तेथे पेरले. हे बी स्पॅनिश लोक बाहेर जाऊ देत नसत, तेव्हा ते त्याने कसे मिळविले हा एक कुतूहलाचाच विषय आहे. १६१७ साली व्हर्जिनियाहून सुमारे २०,००० पौंड तंबाखू इंग्लंडास गेला. याच जेम्स राजाने १६०४ साली तंबाखूच्या निंदेपर एक पुस्तिका लिहिली होती आणि पौंडामागे २ पेन्स असलेली जकात ६ शिलिंग १० पेन्सांवर नेली होती. राजाचा तिरस्कार आणि राजाचा खजिना यांचे पुढे उत्तम जमले.

तंबाखू आपल्याकडे त्याहून आधी आला, हे येथे सांगावयास हरकत नाही. पोर्तुगीजांनी आणलेले हे पान विजापूरच्या दरबारात रुळले होते. अकबराचा वकील असदबेग याने तेथे ते पाहिले आणि १६०४ च्या सुमारास रत्नखचित नळीसह बादशहापुढे नेऊन ठेवले. म्हणजे लंडनला राजा तंबाखूवर पुस्तिका लिहीत होता, त्याच सुमारास आग्र्याला बादशहा पहिला झुरका घेऊन पाहत होता. आणि रॉल्फचे बी अजून मातीत पडावयाचे होते. गोव्यात पुढे दीर्घकाळ ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील तंबाखू सरकारी मक्त्याने येत असे. परंतु विजापूरचा काय किंवा गोव्याचा काय, तो तंबाखू आणि मामांच्या डब्यातील तंबाखू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर पडावयास आणखी सव्वादोनशे वर्षे लागली.

त्या सव्वादोनशे वर्षांत व्हर्जिनियात तंबाखू हे केवळ पीक राहिले नाही, ते चलन झाले. १७३० च्या कायद्यान्वये सरकारी वखारीत माल तपासून घेतल्यावर मिळणाऱ्या पावत्या लोक नाण्यांप्रमाणे वापरीत. धर्मोपदेशकांचा वार्षिक पगार १६,००० पौंड तंबाखू असा ठरलेला होता. १७५८ साली पीक बुडून भाव चढले, तेव्हा विधिमंडळाने हा पगार पौंडास २ पेन्स या दराने रोख देण्याचा कायदा केला. राजाने तो रद्द केला. आणि जेम्स मॉरी नावाच्या धर्मोपदेशकाने लावलेल्या नुकसानभरपाईच्या दाव्याचा निकाल १७६३ साली लागला. विरुद्ध बाजूने पॅट्रिक हेन्री हा तरुण वकील उभा होता. त्याने राजाच्या अधिकारावरच असा काही हल्ला चढविला की, ज्यूरीने भरपाई म्हणून मॉरीच्या हातावर एक पेनी ठेविली. अमेरिकन स्वातंत्र्याचे इतिहासकार या खटल्याचे मोठे कौतुक करतात.

ज्यांच्या हातांनी हा सोळा हजार पौंड तंबाखू पिके, त्यांचा मात्र या खटल्यात कोठेही उल्लेख नाही. १६१९ च्या ऑगस्टात एका जहाजातून वीसेक आफ्रिकी माणसे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली आणि अन्नसामग्रीच्या मोबदल्यात विकली गेली. तेथून जी परंपरा सुरू झाली ती १८६५ पर्यंत चालली. तंबाखूचे पीक फार कष्टाचे. रोपे लावा, शेंडे खुडा, फुटवे काढा, अळ्या एकेक वेचून चिरडा, पाने तोडून ओवा, छपरात टांगा, राखण करा. आपल्या सीमाभागातील वाचकांना हे सांगावयास नको. फरक इतकाच की, तेथे हे सर्व करणारा माणूस स्वतः मालकाच्या मालमत्तेच्या यादीत बैलांच्या पंक्तीत लिहिलेला असे.

आता १८३९ सालाकडे वळू. नॉर्थ कॅरोलायनात, व्हर्जिनियाच्या सीमेला लागून, कॅसवेल नावाचा परगणा आहे. तेथील जमीन वाळूसरट, हलकी. ॲबिशा स्लेड या जमीनदाराच्या शेतावर स्टीफन नावाचा एक गुलाम होता. तो लोहार होता आणि हंगामात पाने वाळविण्याच्या छपरात रात्रभर विस्तव सांभाळण्याचे कामही त्याच्याकडे असे. एके रात्री त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा विस्तव जवळजवळ विझलेला. ओली लाकडे पेट घेईनात, तेव्हा तो धावत आपल्या भात्याकडे गेला, लोहारकामाचा कोळसा आणला आणि राखेवर टाकला. कोळशाची आच एकदम चढली, धूर मात्र झाला नाही. सकाळी पाहतो तो टांगलेली पाने तपकिरी होण्याऐवजी सोन्यासारखी पिवळी झालेली! तो माल बाजारात नेहमीच्या भावाच्या जवळजवळ चौपटीने गेला, असे सांगतात.

ही कथा इतकी सुबक आहे की तिच्याविषयी संशय यावा. अलीकडच्या काळात बार्बरा हान, ड्रू स्वान्सन इत्यादी इतिहासकारांनी तो घेतलाही आहे. कोळशाच्या आचेने पान वाळविण्याचे प्रयोग त्या भागात आधीपासून चालू होते, पिवळे पान एका रात्रीत जन्मलेले नाही, ते अनेकांच्या अनेक वर्षांच्या खटपटीतून आले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मला ते पटते. कोणतीही कृती एका झोपेतून निर्माण होत नसते. परंतु कथेचा एक भाग मला विशेष वाटतो, आणि तो अपघाताचा नाही. विझत्या विस्तवावर काय टाकावे हे त्या माणसाला ठाऊक होते. लोहाराला कोळसा ठाऊक असतो. कथा सांगणारे मात्र त्याच्या झोपेवर भर देतात, त्याच्या विद्येवर देत नाहीत. १८५० नंतरच्या दशकात ही पद्धत ॲबिशा स्लेडने सर्वत्र शिकविली व कीर्ती मिळविली. स्टीफनला इतिहासात स्टीफन स्लेड म्हणतात. स्लेड हे आडनाव मालकाचे.

त्या कोळशाच्या आचेने नेमके काय केले, हे आता शास्त्राने स्पष्ट झाले आहे, आणि अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. तोडलेले पान लगेच मरत नाही. पहिले एक-दोन दिवस त्याला मंद ऊब दिली की ते स्वतःमधील पिष्टाचे शर्करेत रूपांतर करीत पिवळे पडते. त्याच क्षणी उष्णता चढवीत नेली, तर पान मरते आणि शर्करा पानात कोंडली जाते. उष्णता न चढविता पान तसेच टांगून ठेवले, तर जिवंत पान ती शर्करा हळूहळू खाऊन टाकते व तपकिरी होते. पुढे उघड्या कोळशाऐवजी लोखंडी नळांतून उष्णता फिरविण्याची सोय झाली. धूर नळांतच राहतो, ऊब तेवढी पानाला मिळते. पाच-सहा दिवसांचे हे काम असते व अखेरीस तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर नेऊन पानाची शीर वाळवितात. अशा पानात वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत शर्करा असू शकते.

दुसरी गोष्ट मातीची. हलक्या, वाळूसरट जमिनीत पानाला नत्र पोटभर मिळत नाही. ते उपाशी वाढते, पातळ होते, त्यात निकोटिन बेताचे राहते आणि पिष्ट साठते. ज्या जमिनीला पूर्वी कोणी विचारीत नव्हते, तिचा भाव या पिवळ्या पानाने वाढविला. निपाणीचा भाग नेमका याच्या उलट. तेथील कसदार जमिनीत वाढलेले आणि उन्हात वाळविलेले विडीचे पान जाड, कडक, निकोटिनाने भरलेले असते. शर्करा त्यात नाममात्र. ते वीस काय, पन्नास वर्षे डब्यात ठेवले तरी मनुकांची गोडी येणार कोठून? मुरण्यासाठी आत काही तरी असावे लागते. डब्याच्या अंधारात शर्करा आणि पानातील अमिनो आम्ले एकमेकांशी हळूहळू संयोग पावतात. पावाचे कवच भट्टीत ज्या क्रियेने तांबूस व खमंग होते, तीच ही क्रिया, फक्त वर्षानुवर्षे चालणारी. काळ येथे आचारी खरा. पण शिधा त्याला दुसऱ्यांनी काढून दिलेला असतो.

या गोडीची एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. शर्करा भरपूर असलेल्या पानाचा धूर आम्लधर्मी असतो. त्यातील निकोटिन तोंडातून रक्तात फारसे शिरत नाही. ते मिळवावयाचे तर धूर छातीत ओढावा लागतो, आणि तो सौम्य असल्यामुळे छातीत सहज ओढता येतो. चिरूट किंवा काळा तंबाखू छातीत घेतला तर ठसका लागून माणूस थांबतो. पिवळ्या पानाने तो अडसर काढून टाकला. १८६५ च्या एप्रिलात यादवी युद्ध संपता संपता दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी डरहॅम गावाजवळ तहाच्या वाटाघाटी चालू असताना तेथील एका कारखान्यातला हा तंबाखू लुटून नेला आणि घरी गेल्यावर पत्रे पाठवून आणखी मागविला. १८८० साली जेम्स बॉन्सॅक याने सिगारेट वळण्याचे यंत्र सिद्ध केले. हाताने वळणारा कुशल कारागीर दिवसाला तीनेक हजार सिगारेटी वळी, यंत्र लाखाहून अधिक वळू लागले. त्याचा परिणाम काय झाला, तो १९५० साली डॉल व हिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फुप्फुसांच्या कर्करोगाच्या रूपाने मांडला. पाइप ओढणारे लोक, आम्ही धूर गिळत नाही, असे अभिमानाने सांगतात. जीभ, ओठ व घसा ही त्यांची ठिकाणे मात्र रोगाने सोडलेली नाहीत. डॉक्टरांनी मला हे सांगितल्यापासून मी वर्षातून एकदा ओढणारा मनुष्य झालो.

१९२० नंतरच्या दशकात हे पिवळे पान आंध्रात गुंटूरच्या परिसरात रुजले, पुढे म्हैसूरकडील हलक्या जमिनीतही गेले, आणि नळांच्या भट्ट्या त्या गावांचा भाग होऊन बसल्या. भट्टीच्या जळणासाठी तेथील किती झाडे गेली हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. निपाणीने आपले पान बदलले नाही. १९८१ साली त्याच पानाच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले होते आणि त्यांच्यावर गोळीबार झाला, हे या भागात कोणी विसरलेले नाही. असो.

डब्यात चार-पाच काप उरले होते. ते कागदात गुंडाळून मी निपाणीस अण्णांच्या घरी गेलो. त्यांचे वय आता नव्वदीला टेकले आहे. दृष्टी मंद झाली आहे, बोटे मात्र शाबूत आहेत. त्यांना मी सर्व हकिकत सांगितली नाही, नुसता काप हातात दिला. त्यांनी तो पाण्याच्या हाताने किंचित ओलावला, नखाने त्याचा एक थर अलगद सोडविला, अंगठ्याखाली पसरून पाहिला आणि बराच वेळ वास घेतला.

"पान पातळ आहे," ते म्हणाले. "माती हलकी असणार. उपाशी वाढविलेले दिसते."

मी होय म्हटले.

"आणि भट्टीवर कोणी तरी जागा होता. एवढी गोडी उन्हात राहत नाही."

मग मी त्यांना स्टीफनची गोष्ट सांगितली. ती ऐकताना त्यांनी दोनदा मला थांबवून नाव विचारून घेतले. राहिलेले काप त्यांनी परत केले. तो सोडविलेला थर मात्र रुमालाच्या कोपऱ्यात बांधून ठेविला.